हाकेला ओ द्यायची असते

यंदाच्या यात्रेच्या कबड्डीच्या पत्रिकेत एक नवा नियम छापायचं चाललंय. 'सामन्यापूर्वी अथवा सामन्यादरम्यान शड्डू ठोकणे, मांडी थोपटणे, सामूहिक घोषणा देणे यास सक्त मनाई. उल्लंघन करणारा संघ बाद.' कच्ची प्रत ग्रुपवर फिरतेय, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हा एका गावाचा प्रश्नच नाही. एकानं केलं की पवन मावळापासून नाणे मावळापर्यंत सगळ्या कमिट्या तोच मजकूर उचलतात. वरचं देवाचं नाव तेवढं बदलतं.

मला हा नियम मान्य नाही. का नाही ते सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी झालं काय ते. गेल्या मोसमात रात्रीच्या सामन्याला एक संघ मैदानात उतरला, मध्यरेषेच्या अलीकडे अर्धगोल करून उभा राहिला. कॅप्टननं एक आरोळी दिली आणि सातही जणांनी एका ठेक्यात मांड्या थोपटल्या. वीसेक सेकंदांचा मामला. समोरच्या पोरांना काय करावं तेच कळेना. दोघं पाठ करून उभे राहिले. एकानं मोबाईल मागवून रील काढलं. एकानं माकडासारखी नक्कल केली. तेवढ्यात बाहेरून त्यांच्या पाठीराख्यांनी डीजेवाल्याला खूण केली आणि भोंगे सुरू. मग शिव्या, मग खुर्च्या. पोलीस पाटील मध्ये पडले म्हणून निभावलं.

यातून कमिटीनं निष्कर्ष काय काढला? तर दोष मांडी थोपटणाऱ्यांचा.

त्या दिवसापासून दोन गट पडलेत. एक म्हणतो, "हे कसले चाळे, खेळायला आलात का नाचायला? बंद करा." दुसरा म्हणतो, "आरं, त्यांनी शड्डू ठोकल्यावर आपण काय बांगड्या भरल्यात का? पुढच्या टायमाला आपला डीजे त्यांच्या दुप्पट लावू." गंमत म्हणजे दोन्ही गट पुरावा म्हणून एकच गोष्ट दाखवतात, न्यूझीलंडच्या रग्बी संघाच्या हाकाचे व्हिडिओ. पहिला गट म्हणतो, पोरं मोबाईलवर हे बघून बिघडली. दुसरा म्हणतो, बघा, जगात चालतं, मग आपल्याकडे का नाही. व्हिडिओ पूर्ण कोणीच बघितलेला नाही. सगळे नाचणाऱ्यांकडे बघतात. समोर उभ्या राहिलेल्या पंधरा जणांनी काय केलं, हे कोणी बघत नाही. आणि आपला सगळा प्रश्न तर त्या समोरच्यांचाच आहे.

रग्बीकडे जायच्या आधी आपल्या आखाड्याकडे या. वडगावच्या पोटोबाचा उत्सव घ्या, तळेगावच्या डोळसनाथाचा घ्या, नाहीतर तुमच्या गावच्या भैरवनाथाची यात्रा घ्या. दुपार कलली की हलगी कडाडायला लागते. पैलवान लंगोट कसून फडात उतरतो, कडेनं फेरी मारतो, दंडावर अशी थाप मारतो की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचीही मान वर होते. हा शड्डू म्हणजे शिवी नाही. हा प्रश्न आहे, "आहे का कोणी?" समोरून कोणी उतरला की तोही शड्डू ठोकतो. मग दोघं वाकून माती उचलतात, एकमेकांच्या अंगाला लावतात, हात मिळवतात. सलामी झडली म्हणतात ती ही. त्यानंतर खडाखडी आणि मग खरी कुस्ती. मातीला कामाचा भागही आहे, घामानं निसटणारं अंग पकडीत यावं म्हणून. पण मी ज्याला पाडायला आलोय त्याच्याच अंगाला मी माती लावतो, की बाबा, तुझी पकड मला बसू दे आणि माझी तुला, यात कामापलीकडचं जे आहे ते लहान पोरालाही कळतं.

शड्डू ऐकून पाठ फिरवणारा पैलवान मी तरी पाहिला नाही. जोड मान्य नसेल तर वस्ताद पुढे येतो, सांगतो की वजनात फरक आहे, पोरगं अजून कच्चं आहे. तोही नकारच, पण समोर येऊन दिलेला. हाक आली तर ओ द्यायची, एवढी साधी रीत आहे.

आता कबड्डीत काय झालंय बघा. कबड्डीनं आखाड्यातून शड्डू उचलला. सलामी मात्र आखाड्यातच राहिली. २०१४ पासून टीव्हीवर प्रो कबड्डी आली, चढाईपटू गडी मारून आला की मांडीवर थाप मारतो हे घराघरात गेलं. पोरांनी ते घेतलं, घेणारच. पण समोरच्यानं त्यावर काय करायचं हे कोणी शिकवलं नाही. टीव्हीनं नाही, कोचनं नाही, कमिटीनं तर नाहीच. ज्या खेळात हाकेला जागा आहे आणि ओ द्यायला जागा नाही, तिथे पोरं मोबाईल काढणार, नक्कल करणार, डीजे लावणार. दुसरं काय करतील?

रग्बीवाल्यांनी हाच प्रश्न शंभरावर वर्षं वागवलाय, म्हणून तिकडे बघायचं. (आपल्या कानाला 'हाका' म्हणजे हाकांचं अनेकवचन वाटतं. माओरी भाषेत अर्थ वेगळा आहे, तिकडे तो नृत्याचा शब्द. पण योगायोग झकास आहे आणि मी तो सोडणार नाही.) न्यूझीलंडचा संघ, ज्यांना ऑल ब्लॅक्स म्हणतात, सामन्याआधी मांड्या थोपटून, छाती ठोकून, डोळे वटारून, जीभ काढून हाका करतो. त्यातला सगळ्यांना माहीत असलेला 'का माते' हा ते राउपराहा नावाच्या माओरी सरदारानं १८२० च्या सुमारास रचला असं मानतात. तो लढाईचा हाका आहे असं आपण समजतो. गोष्ट अशी सांगतात की शत्रू मागावर असताना हा सरदार रताळी साठवायच्या खड्ड्यात लपला होता आणि जिवंत बाहेर आल्यावर त्यानं हे गायलं. म्हणजे मुळात वाचल्याचा आनंद. आपल्या ग्रुपवरच्या पहिल्या गटाला 'चाळे' वाटतात ते हे.

समोरचे काय करतात, ते ऐका.

१९०५ साली न्यूझीलंडचा संघ कार्डिफला आला. त्यांचा हाका झाल्यावर वेल्सच्या खेळाडूंनी आपलं वेल्श गीत सुरू केलं आणि सगळं मैदान गायला लागलं. कोणी कोणाला अडवलं नाही. यांनी आपलं म्हटलं, त्यांनी त्यांचं म्हटलं, आणि वेल्सनं सामना जिंकला.

१९८९, डब्लिन. आयर्लंडचा कॅप्टन विली अँडरसन आपल्या संघाला हातात हात गुंफून पावलापावलानं पुढे घेऊन गेला, इतका पुढे की न्यूझीलंडच्या बक शेलफर्डच्या नाकाला त्याचं नाक लागायचं बाकी राहिलं. आयर्लंड ६ विरुद्ध २३ असा हरला. लोक मात्र अजून ते पुढे चालणंच सांगतात.

२००८, पुन्हा कार्डिफ. हे जरा सावकाश सांगतो, कारण माझ्या मते यासारखं उत्तर दुसरं नाही. हाका संपला. रीत अशी की समोरच्यांनी वळून आपापल्या जागी जायचं. वेल्सचे खेळाडू हललेच नाहीत. नुसते उभे, बघत. मग न्यूझीलंडवालेही हलेनात. पंच जोनाथन कॅप्लन दोन्हीकडच्यांना चला चला म्हणतोय, कोणी ऐकत नाही. मैदानात एक माणूस पाय उचलत नाही आणि प्रेक्षकांत एक माणूस बसलेला नाही. ना धक्का, ना शिवी, ना हातवारे. हात खाली आणि डोळ्याला डोळा. शेवटी न्यूझीलंडवाले वळले. वेल्स तो सामना ९ विरुद्ध २९ असा सपाटून हरला. पण नुसतं उभं राहणं किती मोठी ओ असू शकते, हे त्या दिवशी दिसलं.

आणि २०१६, अमेरिकेत शिकागो. आयर्लंडच्या संघाचा जुना खेळाडू आणि मन्स्टरचा कोच अँथनी फोली तीन आठवड्यांपूर्वी अचानक गेला होता. तो आठ नंबरची जर्सी घालायचा. हाका सुरू झाला तेव्हा आयर्लंडचे खेळाडू मैदानात आठच्या आकड्यात उभे राहिले. एक शब्द नाही. समोरून आव्हान येतंय आणि हे आपल्या गेलेल्या माणसाला बरोबर घेऊन ते ऐकतायत. १९०५ पासून आयर्लंडनं न्यूझीलंडला एकदाही हरवलं नव्हतं. त्या दिवशी ४० विरुद्ध २९ नं हरवलं. ज्यांना तेराव्याच्या आतच मैदानात उतरावं लागलंय असे खेळाडू आपल्याकडेही आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता कमिटीवाल्यांनी कान द्यावा. तिकडेही कमिट्या आहेत आणि त्यांनीही घोळ घातलाय. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सचे खेळाडू हातात हात धरून बाणाच्या आकारात पुढे आले. त्यांना अडीच हजार पौंड दंड. २०१९ च्या उपांत्य सामन्यात इंग्लंड इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात उभं राहिलं, काही जण मध्यरेषेच्या पलीकडे गेले. दोन हजार पौंड दंड. ही रक्कम त्यांना किरकोळ, पण दंड कशाचा? समोरच्यानं हाक दिली आणि यांनी चार पावलं पुढे जाऊन ऐकली, याचा. न्यूझीलंडचे खेळाडू स्वतः म्हणाले की आम्हाला ते आवडलं. ज्यांना आव्हान दिलं-घेतलं ते खूश, आणि दुखावले कोण, तर कागदवाले.

त्याहून वाईट २००६ ला झालं. वेल्सच्या मंडळाला हाका आधी आणि आपलं गीत नंतर हवं होतं, १९०५ सारखं. न्यूझीलंडला ते पटेना. शेवटचा शब्द कोणाचा यावर दोन कार्यालयांत ताणाताणी झाली आणि ऑल ब्लॅक्सनी हाका ड्रेसिंग रूममध्ये, बंद दाराआड केला. सत्तर-एक हजार माणूस तिकीट काढून बाहेर बसलेलं. ज्या हाकेला ऐकणारा समोर नाही ती हाक कसली? आपल्या पत्रिकेतला नियम पास झाला तर आपलंही हेच होणार. पोरं शड्डू ठोकायची थांबणार नाहीत. मैदानात नाही ठोकला तर गाडीतळावर ठोकतील, सामना संपल्यावर हायवेला ठोकतील, आणि तिथे पंच नसेल.

"पण दुर्लक्ष केलं तर काय बिघडतं?" असं परवा एका शिक्षकमित्रानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड कॅम्पिसी हाका चालू असताना लांब जाऊन बॉलशी खेळत बसायचा. १९९१ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातही त्यानं तेच केलं, आणि त्याच सामन्यात तो असा काही खेळला की ऑस्ट्रेलियानं १६ विरुद्ध ६ नं न्यूझीलंडला घरी पाठवलं. तेव्हा ओ दिली नाही तर हरता असं मी म्हणत नाही, आणि ओ दिली की जिंकता असंही नाही. वर आकडे दिलेत, जिंकलेलेही आहेत आणि हरलेलेही. मुद्दा गुणफलकाचा नाहीच. कॅम्पिसी जगातला एक नंबरचा खेळाडू होता, त्याला ते जमून गेलं आणि तरी कित्येकांना ते खटकलंच. आपल्या सतरा वर्षांच्या पोरानं पाठ केली तर त्याचा अर्थ पंचक्रोशी एकच काढते, 'आम्हाला मोजत नाही.' गावागावातली भांडणं बांधावरनं होतात, पाण्यावरनं होतात, पण पेटतात ती मोजण्या-न मोजण्यावरून.

आणि आवाजात आवाज मिसळायचा उपाय तिकडेही होतो. इंग्लंडचे प्रेक्षक हाका चालू असताना आपलं गाणं मोठ्यानं म्हणून तो बुडवतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या सामन्याआधी त्यांचा खेळाडू जो मार्लर यानं हाका बंद करून टाका असं लिहिलं, गदारोळ झाला, मग माफी मागितली. सामना न्यूझीलंडनं दोन गुणांनी मारला. आपल्या डीजेवाल्या गटानं याची नोंद घ्यावी.

"हे त्यांचं झालं, आपलं काय?" असं म्हणणाऱ्यांसाठी आता मावळचीच गोष्ट सांगतो, आणि ती कार्ल्याची आहे, लोणावळ्याहून हाकेच्या अंतरावरची. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईहून घाट चढून आली. त्यात कॅप्टन स्टुअर्ट नावाचा अधिकारी होता. शत्रूचा माणूस, आपल्यावर चालून आलेला. पण इतका बेडर की मराठ्यांनीच त्याला नाव दिलं, ईष्टुर फाकडा. फाकडा ही काही गमतीची उपाधी नव्हती. मानाजी शिंद्यांसारख्या लढवय्याला लोक फाकडा म्हणत. तोच शब्द आपल्या लोकांनी समोरच्या छावणीतल्या गोऱ्याला दिला. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ तो पडला. पुढे त्याच महिन्यात वडगावला इंग्रजांची अशी कोंडी झाली की त्यांना तह लिहून द्यावा लागला. ईष्टुर फाकड्याचं स्मारक आजही वडगावात आहे. तारीख वाचा आणि क्रम बघा. त्याला फाकडा म्हटलं, आणि त्याच्या फौजेला गुडघ्यावर आणलं. दोन्ही एकाच महिन्यात, एकाच मावळात. समोरच्याचा आवाज ऐकून घेतल्यानं आपला हात ढिला पडतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वडगावला चक्कर मारावी.

गर्जना तर आपल्या घरचीच. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी जखमी हातानं जर्मनांची मशीनगनची ठाणी एकामागून एक बंद पाडली आणि मग बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या अधिकृत नोंदीत त्या गर्जनेचा उल्लेख आहे. त्याच दिवशी, त्याच नदीवर, शेजारच्या आघाडीला न्यूझीलंडची डिव्हिजन होती, जिच्यात माओरी बटालियन होती. हाका आणि आपली गर्जना एका नदीकाठी होत्या. त्यांच्या नातवंडांना आणि आपल्या नातवंडांना आता एकाच नियमात 'चाळे' म्हणायचं का?

बंदी घालणाऱ्यांचा दुसरा मुद्दा: भांडण होतं ते शड्डूमुळे. साफ चूक. फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते सगळ्या राज्यानं पाहिलं. पंचांच्या निकालावरून शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली, अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनं मैदान सोडलं, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. गदा शेजारच्या मुळशीचा पृथ्वीराज मोहोळ घेऊन गेला. यात शड्डू कुठे होता? आपल्याकडचीही गेल्या पाच-सात वर्षांतली भांडणं आठवा. बोनसची रेषा पुसलेली असणं, पंच यजमान गावचा असणं, बाहेर बसलेल्यांनी घेतलेली असणं, बक्षिसाच्या रकमेत ऐनवेळी कपात. यातल्या एकाही गोष्टीवर पत्रिकेत ओळ नाही. शड्डूवर मात्र तीन ओळी, ठळक टायपात. जे करायला खर्च आणि हिंमत लागते ते राहू द्यायचं आणि जे फुकटात बंद करता येतं ते बंद करायचं, याला शिस्त म्हणत नाहीत.

बरं, शड्डू एवढाच वाईट असेल तर निवडणुकीच्या टायमाला ज्यांच्याविषयी 'अमुक यांनी शड्डू ठोकला' असं पेपरात छापून येतं, त्यांचे फ्लेक्स आपण मैदानाच्या चारही बाजूंनी कसे लावतो? त्यांना बाद करणार का?

आता जे कोणी उघड बोलत नाही ते लिहितो. हा नियम मुलांच्या भांडणावर काढलाय असं दाखवलं जातंय, पण कुजबुज त्याच्या आधीची आहे. मुलींच्या गटाचे सामने सुरू झाले, तेव्हा एका पोरीनं सुपर रेड मारून आल्यावर मांडी थोपटली. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. पण माईकवरून एक ज्येष्ठ म्हणाले, "मुलींनी खेळावं, पण असले प्रकार शोभत नाहीत." तिथून हा विषय कमिटीत आहे. म्हणजे मुलांची खुर्च्यांची मारामारी हे निमित्त, आणि बंद कोणाचा आवाज होणार तर मुलींचा. मुलं कुठेही जाऊन ठोकतील शड्डू. त्यांना आखाडा आहे, नाका आहे, मिरवणूक आहे. आपल्या तालुक्यात पोरीला चारचौघांत मोठ्यानं 'आहे का कोणी?' असं विचारता येईल अशी जागा बारा मीटरच्या कबड्डीच्या मैदानाशिवाय दुसरी दाखवा. न्यूझीलंडच्या महिला संघाचाही स्वतःचा हाका आहे, त्या तो सामन्याआधी करतात. २०१२ ला पाटण्यात भारतानं महिला कबड्डीचा विश्वचषक जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या. त्यांना डोक्यावर घ्यायचं, आणि गावच्या पोरीनं थाप मारली की शोभत नाही? आणि ते 'बांगड्या भरल्यात का' म्हणणारे, तुम्हीही ऐका. त्या रात्री समोरून आव्हान आल्यावर मोबाईल काढणारे सगळे बिनबांगड्यांचे होते.

हाकेला शिक्षा देण्याचा प्रयोग जगानं नुकताच पाहिलाय. १४ नोव्हेंबर २०२४ ला न्यूझीलंडच्या संसदेत हाना-राफिती माइपी-क्लार्क या बावीस वर्षांच्या खासदार मुलीनं माओरींशी झालेल्या कराराचा अर्थ बदलू पाहणाऱ्या विधेयकाची प्रत फाडली आणि हाका सुरू केला. इतर खासदार उठून तिच्यात सामील झाले, गॅलरीतले लोकही. तिला आधी एक दिवस, मग २०२५ च्या जूनमध्ये सात दिवस निलंबित केलं. विधेयक एप्रिलमध्येच ११ विरुद्ध ११२ मतांनी आपटलं होतं. शिक्षा करणाऱ्यांना त्या हाकेवर बोलायला दुसरं काही सुचलं नाही, एवढंच त्यातून जगाला कळलं.

मग काय करायचं? बंदी नको म्हणणाऱ्यानं उपाय सांगितला पाहिजे, सांगतो.

आखाड्यातली सलामी कबड्डीत आणा. नाणेफेक झाली की प्रत्येक संघाला अर्धा मिनिट. ज्याला आरोळी द्यायचीय त्यानं द्यावी, ज्याला नुसतं उभं राहायचंय त्यानं उभं राहावं. एक संघ करत असताना दुसऱ्यानं आपल्या अर्ध्या भागात, तोंड समोर करून उभं राहायचं. मध्यरेषा ओलांडायची नाही, पाठ करायची नाही, मोबाईल मैदानात आणायचा नाही. मग दुसऱ्यानं द्यायची ओ, त्याच्या पद्धतीनं. कोणी गावच्या देवाचं नाव घेईल, कोणी मांडी थोपटेल, कोणी वेल्ससारखं गप्प बघत राहील. शेवटी चौदाही जण मध्यरेषेवर येऊन हात मिळवतील. मातीचं मैदान असेल तर चिमूटभर माती एकमेकांच्या हाताला लावा की, कोणी नको म्हटलंय? त्यानंतर शिट्टी. सगळं मिळून दोन मिनिटांच्या आत. प्रमुख पाहुण्यांच्या सत्काराला आपण चाळीस मिनिटं देतो, तिथून ही दोन काढता येतील.

कोणत्या गावाचं, जातीचं, बाईमाणसाचं नाव घेऊन काही बोललं तर मात्र थेट बाद. तिथे माझं काही म्हणणं नाही, उलट ते ठळक टायपात छापा. आणि बंदी घालायचीच हौस असेल तर सामन्याच्या वेळी डीजेवर घाला. हलगी राहू द्या. हलगीवाला माणूस असतो, त्याला पोरं दमलेली दिसतात, चढाई चाललेली दिसते, तो हात आवरतो. भोंग्याला दिसत नाही. बाहेरून कोणी मैदानात घुसला तर दंड त्या गावच्या संघाच्या प्रवेश फीमधून कापा. पंच बाहेरच्या तालुक्यातून बोलवा आणि त्यांचं मानधन आदल्या दिवशी द्या, सामन्यानंतर नको. रेषा दर सामन्याला नव्यानं आखा. चुन्याला किती पैसे लागतात?

यातलं बरंचसं एका वर्षात होणार नाही हे मलाही कळतं. पोरं पहिल्या वर्षी हसतील, अर्धा मिनिट कसा घालवायचा ते कळणार नाही, एखादा आगाऊ रेषा ओलांडेलच. ओलांडली तर पंचानं खांद्याला धरून मागे घ्यायचा. दोन हजार पौंडांचं कलम लावत बसायचं नाही.

रविवारी संध्याकाळी सात वाजता देवळाच्या सभामंडपात कमिटीची बैठक आहे, त्यात पत्रिकेचा मजकूर कायम होणार आणि सोमवारी तो छपाईला जाणार. कमिटीतल्या थोरामोठ्यांना माझी विनंती आहे, त्या तीन ओळी तेवढ्या थांबवा. संघांचे कॅप्टन, मुलींच्या संघाच्याही दोघी, यांना बैठकीला बोलवा. आजवर त्यांना कोणी विचारलेलं नाही. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी खाली कमेंटमध्ये भांडण्यापेक्षा तिथे यावं, समोरासमोर बोलू. कॅप्टन मंडळींनी येताना आपली अर्ध्या मिनिटाची सलामी काय असेल ते ठरवून यावं, बैठकीतच करून दाखवायची आहे. हलगीवाल्या अण्णांशी बोललोय, ते साडेसहालाच येतो म्हणालेत.